चिंक्वे तेर्रे : गावं पाच, नगरपालिका तीन

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगुरिया प्रांतात, समुद्रालगतच्या कड्यांवर पाच गावं वसली आहेत: मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे. या पाचांना मिळून चिंक्वे तेर्रे म्हणतात. प्रत्येकाचं रेल्वे स्टेशन वेगळं, चर्च वेगळं, गावच्या संताचा उत्सवही वेगळा. सरकारदरबारी मात्र इथे तीनच नगरपालिका आहेत. कोर्निलिया वेर्नात्साच्या हद्दीत मोडतं आणि मानारोला रिओमाज्जोरेच्या.

नगरपालिकेला इटलीत ‘कोमूने’ म्हणतात आणि तिच्या हद्दीतल्या सुट्या वस्तीला ‘फ्रात्सिओने’. प्रवासवर्णनांत या दोन्हींना सरसकट ‘गाव’ म्हणून मोकळं होतात आणि गोंधळाला तिथेच सुरुवात होते.

कोमूनेला लोकांनी निवडलेला ‘सिंदाको’ असतो, म्हणजे आपल्या भाषेत नगराध्यक्ष. १९९३ पासून त्याची निवड थेट मतदानाने होते. सोबत सभागृह, अंदाजपत्रक, जन्म-मृत्यूची नोंदवही आणि बांधकामाच्या परवानग्या. फ्रात्सिओनेकडे यातलं काहीच नसतं. कोर्निलियाच्या रहिवाशाच्या ओळखपत्रावर कोमूने म्हणून वेर्नात्साचंच नाव येतं. वेर्नात्सा तरी केवढं? अख्ख्या कोमूनेची वस्ती हजाराच्या आत.

गट ग्रामपंचायतीतली वाडी डोळ्यांसमोर आणली, तर फ्रात्सिओनेची कल्पना बरीचशी येते. पण ही तुलना फार ताणू नये. आपल्याकडे वस्ती वाढली की ग्रामपंचायतीची नगरपंचायत होते, पुढे नगरपालिका, मग महानगरपालिका. इटलीत अशी उतरंडच नाही. राजधानी म्हणून रोमला काही जादा अधिकार आहेत, तरी रोमही कोमूनेच आणि लोंबार्दीच्या डोंगरातलं जेमतेम तीसेक माणसांचं मोर्तेरोनेही कोमूनेच. आमाल्फीच्या किनाऱ्यावरच्या आत्रानीचं क्षेत्रफळ अवघं ०.१२ चौरस किलोमीटर, पण तिथेही सिंदाको आहे. देशात सुमारे ७,९०० कोमूने आहेत. त्यांतल्या साधारण ७० टक्क्यांची लोकसंख्या पाच हजारांहून कमी आहे. अशा छोट्या कोमूनेंसाठी २०१७ मध्ये खास कायदाही झाला. म्हणून वस्तीच्या आकारावरून अंदाज बांधायला गेलं, तर हमखास फसायला होतं. मोर्तेरोनेपेक्षा कितीतरी मोठी फ्रात्सिओने जागोजागी सापडतील.

प्रसिद्धीवरूनही काही कळत नाही. रोमच्या उत्तरेला, ढासळत्या टेकडीवरचं चिवीता दि बान्योरेज्जो जगभरच्या कॅलेंडरांवर झळकतं. तिथे कायम राहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि वर जायला एकच पादचारी पूल. ते बान्योरेज्जोचं फ्रात्सिओने आहे. पुलावरून जाणाऱ्या पर्यटकांना तिकीट लावायचं, असं २०१३ मध्ये ठरवलं ते बान्योरेज्जोच्या कोमूनेने. पैसाही त्याच्याच तिजोरीत जातो. चेहरा चिवीताचा, सही बान्योरेज्जोची.

हा फरक सगळ्यात जास्त बोचतो तो आपत्तीच्या वेळी. २४ ऑगस्ट २०१६ च्या भूकंपानंतर मध्य इटलीतल्या आमात्रीचे या कोमूनेचं नाव जगभर पोचलं. पण आमात्रीचे म्हणजे डोंगरात विखुरलेली ६९ फ्रात्सिओनेही. जवळच्या आर्क्वाता देल त्रोंतो या कोमूनेतलं पेस्कारा देल त्रोंतो हे फ्रात्सिओने तर जवळजवळ पुसलंच गेलं. बातम्या आणि आकडेवारी कोमूनेनुसार येतात, त्यामुळे अशा वस्त्यांची नावं आर्क्वाताच्या नावाखाली दबून जातात. मदतीचं किंवा पुनर्बांधणीचं काही वाचताना ‘कोमूने कोणतं आणि त्यातली वस्ती कोणती’ हे दोन्ही बघावं, असं मला वाटतं.

आजचं कोमूने उद्या फ्रात्सिओने होऊ शकतं. फॅसिस्ट राजवटीने १९२६ पासून निवडून आलेले सिंदाको हटवून वरून नेमलेले अधिकारी बसवले आणि पुढच्या काही वर्षांत शेकडो छोटी कोमूने मोठ्यांत विलीन केली. युद्धानंतर त्यांतली कित्येक पुन्हा वेगळी झाली. अलीकडे वारं परत एकत्रीकरणाचं आहे, पण आता आधी स्थानिक लोकांचं मत घेतात. बोलोन्याजवळची पाच कोमूने मिळून २०१४ मध्ये वाल्सामोज्जा झालं. नवं नाव नदीच्या खोऱ्यावरून घेतलं. त्या नावाचं गाव शोधायला गेलात तर सापडणार नाही. कचेरी बाद्झानोत आहे.

तिथे फिरताना ओळखायचं कसं? वेशीवरची पाटी नीट वाचावी. मोठ्या अक्षरांत वस्तीचं नाव असतं. फ्रात्सिओने असेल तर खाली बारीक अक्षरांत बहुधा ‘अमुक कोमूने’ असंही लिहिलेलं असतं. ‘बोर्गो’ (जुनं छोटं गाव) या शब्दावर मात्र विसंबू नये. पर्यटनवाल्यांचा तो लाडका आहे, पण कारभाराच्या दृष्टीने त्याला काही दर्जा नाही.

इतकं वाचून फ्रात्सिओने म्हणजे निव्वळ परावलंबी वस्ती असं वाटेल, पण एका बाबतीत ते खरं नाही. डोंगराळ भागात कित्येक फ्रात्सिओनेंच्या रहिवाशांना जंगलावर आणि कुरणांवर पिढ्यान्‌पिढ्यांचे सामाईक हक्क आहेत: सरपण तोडायचे, गुरं चारायचे. १९२७ च्या कायद्याने ही जमीन कोमूनेच्या मालमत्तेपासून वेगळी सांभाळायची सोय ठेवली, आणि १९५७ च्या कायद्यानुसार तिच्या कारभारासाठी रहिवासी स्वतःची पाच जणांची समिती निवडतात. म्हणजे सिंदाको नसलेल्या वस्तीतही मतपेटी येते, आणि मत मागितलं जातं ते जंगलाच्या कारभारासाठी.