फी कार्डापासून क्यूआरपर्यंत: पैशासोबत मुलाचं नाव कसं सुटलं

ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं, शाळांनी फी यूपीआय, मोबाईल बँकिंगने घ्यायला लागा म्हणून. मुंबईत वडापावच्या गाडीवर क्यूआर असताना शाळांना हे अजून सांगावं लागतंय, याला कारण आहे आणि ते जरा जुनं आहे.

माझी मावशी परळच्या एका शाळेत क्लार्क होती. सुट्टीत मी तिच्या टेबलाशी बसायचो. खिडकीतून फी कार्ड आणि नोटा आत यायच्या, ती कार्बन घालून पावती फाडायची, कार्डावर शिक्का, मग कॅशबुकात नोंद, आणि दुसऱ्या दिवशी शिपाई बँकेत भरणा करून यायचा. संध्याकाळी दहा रुपयांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत ती उठायची नाही. वेळखाऊ होतं सगळं, पण पैसे हातात यायचे त्याच क्षणी मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी कागदावर चढायची. ही गोष्ट फार मोलाची होती हे आम्हाला नंतर कळलं.

मग मोठ्या शाळांनी बँकेची चलनं सुरू केली, तीन भागांची, एक बँकेला, एक शाळेला, एक पालकाला. शाळेचा भाग उशिरा आला की मूल थकबाकीच्या यादीत! चेक असला तर मागे नाव-तुकडी लिहायला सांगायचे, निम्मे लोक विसरायचे.

खरी फाटाफूट ऑनलाइनने झाली. एका बँक खात्यातून दुसऱ्यात ऑनलाइन पैसे पाठवायच्या सोयी एकेक करून आल्या: 2005 ला एनईएफटी, 2010 ला आयएमपीएस, आणि एप्रिल 2016 मध्ये यूपीआय. रिझर्व्ह बँक फोर्टात आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही संस्था बीकेसीत, म्हणजे हे सगळं आपल्याच शहरात ठरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोटबंदी झाली आणि रोख देणारे पालकही फोनकडे वळले. पैसे क्षणात पोचायला लागले पण स्टेटमेंटवर दिसायचं काय, तर यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, आणि वडिलांचं नाव, कधी काकाचं, कधी वडिलांच्या दुकानाचं. आता यातला आठवी ब चा मुलगा कोणता हे क्लार्कने ओळखायचं.

2020 च्या लॉकडाऊनने तर पर्यायच ठेवला नाही. ऑफिसं बंद, फी फक्त ऑनलाइन. त्यात मे 2020 मध्ये राज्य सरकारने फीवाढ करू नका सांगितलं आणि ऑगस्ट 2021 मध्ये 15 टक्के फी कमी करायला लावली. पालकांना याची खूप गरज होती, लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. पण ज्यांनी आधीच पूर्ण भरली त्यांचं वळतं करायचं, काहींचे हप्ते, हे एकेका मुलाच्या खात्यात बसवायचं म्हणजे काय काम असतं ते बाहेरून दिसत नाही.

तांत्रिक उत्तरं आहेत. प्रत्येक मुलाला वेगळा व्हर्च्युअल खाते नंबर, म्हणजे शाळेच्याच खात्याला जोडलेला फक्त त्या मुलासाठीचा नंबर, दिला की पैसे आपोआप त्याच्या नावावर बसतात. बिलं भरायच्या भारत बिल पेमेंट यंत्रणेतही 2019 नंतर शाळेची फी भरायची सोय आली, त्यात मुलाचा शाळेतला नंबर टाकूनच भरणा होतो. यूपीआयवर 2020 पासून व्यापारी शुल्क नाही, आणि डिसेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने शिक्षणासाठीची मर्यादा 1 लाखावरून 5 लाख केली, म्हणजे महागड्या शाळांचाही अडथळा गेला.

पण सॉफ्टवेअर घ्यायला पैसे लागतात, ते चालवायला माणूस लागतो. अनेक छोट्या मराठी शाळांत ऑफिसात एकच क्लार्क असतो. खिडकीवर क्यूआर चिकटवलेला, पालक व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट पाठवतात, आणि संध्याकाळी ती बाई एकेक उघडून नाव, तुकडी, रक्कम रजिस्टरमध्ये हाताने लिहीत बसते.