कार्ड दिसत नाही, म्हणजे नेमकं काय?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानांत हिशेबापुरते ठेवलेले जुने पीसी अजून सापडतात. ‘नेटवर्क कार्ड दाखवत नाही’ अशी तक्रार आली की पोरं लगेच ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, शोधायला बसतात. आधी मशीन कुठल्या काळातलं आहे ते बघावं.

१९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेल्या आयएसए स्लॉटमध्ये (कार्ड खोचायच्या जुन्या खाचेत) कार्डाला स्वतःची ओळख सांगायची सोयच नव्हती. पत्ता आणि आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायच्या लाइनचा नंबर) कार्डावरच्या इवल्याशा जंपरने, म्हणजे पिना जोडणाऱ्या टोपणाने, ठरवायचा आणि तेच आकडे ड्रायव्हरला द्यायचे. नॉव्हेलचं एनई२००० आणि त्याच्या ढीगभर नकला सहसा पत्ता ३००, आयआरक्यू ३ वर यायच्या. पण आयआरक्यू ३ कॉम२ चा, म्हणजे दुसऱ्या सिरियल पोर्टचा, ५ वर बहुधा साउंड कार्ड, ७ वर प्रिंटर. टक्कर ठरलेलीच! कार्ड ठणठणीत असूनही ‘सापडत नाही’.

१९९३ मध्ये आयएसएला प्लग अँड प्ले (कार्डाने आपली ओळख स्वतः सांगायची सोय) जोडलं, विंडोज ९५ ने ते घरोघरी नेलं. पण भानगडी मिटल्या नाहीत. रियलटेक ८०१९ च्या कार्डाबरोबर फ्लॉपीवर डॉसचा प्रोग्राम यायचा. कार्ड जंपरलेस (आकडे कार्डातच नोंदवून) ठेवायचं की प्लग अँड प्ले, ते त्यातून निवडायचं. ती फ्लॉपी हरवली की संपलंच.

खरा फरक पडला तो १९९२ च्या पीसीआय या नव्या स्लॉटमुळे. प्रत्येक कार्डात २५६ बाइटची नोंद असते. पहिल्या दोन बाइटमध्ये कंपनी, पुढच्या दोनमध्ये मॉडेल. रियलटेक ८१३९ विचारल्यावर १०ईसी आणि ८१३९ असं उत्तर देतं. स्लॉट रिकामा असेल तर एफएफएफएफ. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झाल्यावर मोडेम जोडायला लॅन पोर्ट हवा म्हणून स्वस्तातली ८१३९ कार्डं धडाधड बसली. विंडोज एक्सपीत तर त्याचा ड्रायव्हर आधीपासूनच असतो.

म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजच्या उपकरणांच्या यादीत) पिवळ्या खुणेसह ‘इथरनेट कंट्रोलर’ दिसलं, तर कार्डाने नाव सांगितलंय, फक्त ड्रायव्हर घाला. काहीच दिसत नसेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मशीन बंद करून प्लग काढा, कार्डाच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसा, दुसरा स्लॉट वापरून बघा. कृष्णाकाठच्या ओलीत आणि यार्डातल्या धुळीत निम्मी दुखणी इथेच निघतात, असं माझं मत. लॅन मदरबोर्डवरच असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) ते बंद तर केलेलं नाही ना, हे बघा.