पिशवी काढली, नळ्या कुठे आहेत? अंडाशयाच्या कॅन्सरबद्दल आमच्या लॅबकडून

खानापूर परिसरातल्या आमच्या ग्राहकांना,

कुणाच्या मावशीला अंडाशयाचा कॅन्सर निघाला, की आठवडाभरात जांबोटी-नंदगडकडून अख्खं घर काउंटरवर येतं : "सगळ्या बायकांचं सीए-125 करून टाका." ही या कॅन्सरसाठी करतात ती रक्ताची तपासणी. पैसे आम्हालाच मिळणार, तरी आम्ही थांबा म्हणतो. का, ते समजायला हा आजार कुठून सुरू होतो ते बघावं लागतं.

नाव अंडाशयाचं, पण याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, हाय-ग्रेड सीरस, बहुतेकदा गर्भनलिकेत सुरू होतो. नळीचं अंडाशयाकडचं टोक लुगड्याच्या पदराला दशा असाव्यात तसं असतं. सुटलेलं बीज या दशाच झेलतात. त्यांच्यावरच्या एखाद्या पेशीतलं टीपी-53 हे जनुक बिघडतं. पेशीत दोष दिसला की वाढ रोखायची, हे त्याचं काम. तो राखणदार गेला की पेशी वाढत सुटते. शेजारीच अंडाशय, गाठ तिथे मोठी होते आणि नावही त्याचंच लागतं. घराण्यात धोका असलेल्या बायकांच्या, खबरदारी म्हणून काढलेल्या नळ्या 2001 च्या सुमारास नेदरलँड्समध्ये बारकाईने तपासल्या, तेव्हा हे लक्षात येऊ लागलं.

सगळे प्रकार असे नसतात. कोवळ्या मुलींत गाठ बीजपेशींपासून होते, काही प्रकार एंडोमेट्रिऑसिसमधून (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याच्या आजारातून) येतात. कधी मूळ कॅन्सर जठरात असतो आणि अंडाशयात फक्त त्याची वस्ती.

पसरायला याला रक्तवाहिनीची वाट बघावी लागत नाही. पोटाच्या पोकळीत थोडं पाणी असतंच आणि श्वासाबरोबर ते फिरतं. सुटलेल्या पेशी गुच्छ करून त्यात तरंगतात, वर उजव्या बाजूने श्वासपटलापर्यंत पोचतात. त्यांची आवडती जागा म्हणजे ओमेंटम. मटणाच्या दुकानात बोकडाच्या पोटातली चरबीची जाळी पाहिली असेल, तीच आपल्यातही असते. ती चरबी या पेशींना खाद्य पुरवते. पुढे पाणी निचरायच्या वाटा तुंबतात, पोट फुगतं. चार घास खाल्ले की पोट भरतं, लघवीला सारखं जावं लागतं, आणि घरात म्हणतात, "अक्काला गॅस झालाय."

पोटातून काढलेलं ते पाणी आमच्याकडे बाटलीतून येतं, कधी गवताच्या रंगाचं, कधी लालसर. मशीनमध्ये फिरवून तळाचा गाळ स्लाइडवर घेतला की कधीकधी ते गोल गुच्छ समोर दिसतात.

आता सीए-125. 35 पर्यंत आकडा ठीक मानतात. पण पाळीत, गरोदरपणात, फायब्रॉइडने (गर्भाशयातल्या साध्या गाठींनी), पोटाच्या टीबीनेही तो वाढतो. उलट सुरुवातीच्या टप्प्यातल्या साधारण निम्म्या रुग्णांत तो वाढलेला नसतो. ब्रिटनमध्ये 2 लाखांहून जास्त बायकांवर तपासण्यांचा अभ्यास झाला. 2021 साली निकाल आला : सरसकट तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत. उपचार चालू असताना मात्र हीच तपासणी कामाची. पोट फुगणं, ओटीपोटात दुखणं दोन-तीन आठवडे रोजच होत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफी. आई, बहीण, आत्या यांच्यात अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर असेल तर बीआरसीए जनुकाच्या तपासणीबद्दल विचारा. या जनुकात दोष असला की हे कॅन्सर घराण्यात येतात. वडिलांकडूनही तो दोष येतो, हे बहुतेकांना पटत नाही.

शेवटी एक विनंती, जरा तक्रारीच्या सुरात. मागच्या पावसाळ्यात एका ऑपरेशनचा नमुना लोणच्याच्या बरणीत, सलाइनमध्ये बुडवून आला. पेशी सडलेल्या, आम्ही काय वाचणार? नमुना रुंद तोंडाच्या डब्यात, 10 टक्के फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात), पूर्ण बुडालेला हवा. डबा आमच्याकडून आधी न्या, त्याचे पैसे नाहीत. आणि गर्भपिशवी काढताना गर्भनलिका, म्हणजे नळ्याही काढल्या असतील तर त्या सोबत आल्यात का, ते डॉक्टरांना विचारूनच निघा. दशांचं टोक आम्ही 2-3 मिलिमीटरच्या कापांत पूर्ण तपासतो. रिपोर्ट इंग्रजीत असतो. मराठीत किंवा कन्नडमध्ये समजावून घ्यायला दुपारी 4 नंतर या, तेव्हा गर्दी कमी असते.