टाकी नसलेल्या गॅस गिझरची रचना आणि तो बसवण्याची जागा: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लहान कुटुंबाला पुरेल असा, मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा आणि पाणी साठवण्याची टाकी नसलेला गॅस गिझर आम्ही तयार करतो. तो घेताना ग्राहक बहुधा तीन गोष्टी विचारतात: पाणी किती वेळात गरम होते, गॅस किती लागतो आणि बाहेरचा पत्रा गंजतो का. प्रश्न रास्त आहेत. मात्र गिझर नीट चालेल की नाही आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो घरात सुरक्षित राहील की नाही, हे पेटीतल्या भागांइतकेच पेटीभोवतीच्या हवेवर ठरते, आणि याची विचारणा सहसा कोणी करत नाही. म्हणून आतील रचना सांगताना हवेचा हिशेबही येथे दिला आहे.

आधी ताकदीचा हिशेब पाहू. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे, तर दर मिनिटाला ६३० किलोज्यूल, म्हणजे साडेदहा किलोवॉट उष्णता पाण्यात उतरली पाहिजे. टाकीच्या विजेच्या गिझरमधील कॉइल साधारण दोन ते तीन किलोवॉटची असते, आणि म्हणूनच त्यात पाणी आधी साठवून तापवत ठेवावे लागते. गॅस गिझरमध्ये साठवण नसल्याने सगळी उष्णता पाणी वाहत असतानाच द्यावी लागते. धुराबरोबर जाणारी उष्णता धरता बर्नरला साडेबारा किलोवॉटच्या आसपास गॅस पुरवावा लागतो, म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीचे पाच-सहा बर्नर पूर्ण मोठे करून एकाच वेळी पेटवल्याइतका. एलपीजीच्या वजनात हे मिनिटाला सुमारे १६ ग्रॅम आणि दहा मिनिटांच्या स्नानाला १६० ग्रॅम होते.

नळ उघडल्यावर काय घडते

गिझरमध्ये पाणी ज्या बाजूने शिरते, तेथे पितळी व्हॉल्व्हच्या आत रबराचा एक गोल पडदा बसवलेला असतो. नळ बंद असताना पडद्याच्या दोन्ही अंगांना पाण्याचा दाब सारखा असतो आणि तो जागच्या जागी राहतो. नळ उघडून पाणी वाहू लागले की ते एका अरुंद गळ्यातून जाते. तेथे त्याचा वेग वाढून दाब उतरतो, आणि हा उतरलेला दाब एका बारीक छिद्रावाटे पडद्याच्या एका अंगाला पोहोचतो. पडदा त्या बाजूला सरकतो आणि मधली पितळी पिन काही मिलिमीटर पुढे ढकलतो. एवढ्याशा हालचालीने गॅसची झडप उघडते आणि ठिणगीच्या सर्किटचे बटण दाबले जाते. पाणी थांबले की स्प्रिंग पडद्याला मागे आणते आणि गॅस तुटतो. पाणी वाहत नसताना बर्नर पेटू नये, ही खबरदारी अशी पाण्याच्या दाबावरच सोपवलेली आहे, तिला विजेची गरज नाही.

गच्चीवरील पाण्याच्या टाकीची उंची आम्ही आग्रहाने विचारतो, त्याचे कारण या पडद्यात आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एक बार असतो, आणि पडदा खात्रीने सरकण्यासाठी पाव बार तरी लागतो. म्हणजे गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी गिझरच्या वर किमान अडीच मीटर हवी. वरच्या मजल्यावर इतकी उंची अनेकदा मिळत नाही. मग गिझर कधी पेटतो, कधी पेटत नाही, आणि दोष गिझरवर येतो. अशा ठिकाणी मोठ्या व्यासाचा, कमी दाबावर चालणारा पडदा बसवून देता येतो. तोही पुरणार नसेल तर छोटा पंप लावावा. पंपाची तयारी नसेल, तर गॅस गिझर घेऊच नये असे आम्ही स्पष्ट सांगतो.

ठिणगी दीड व्होल्टच्या दोन जाड सेलांवर पडते. पाणी सुरू होताच टक-टक असा आवाज येतो, लगेच बर्नर पेटतो आणि आवाज थांबतो. ज्योतीत खोचलेली दुसरी तार ज्योतीची खूण घेत असते: ज्योतीतून अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह वाहू शकतो, तो मिळत असेल तरच सर्किट गॅसची विद्युत झडप उघडी धरून ठेवते. काही सेकंदांत ज्योत लागली नाही किंवा मध्येच विझली, तर झडप बंद होते. गिझर पेटून लगेच विझतो, ही आमच्याकडे येणारी नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी सेल उतरलेले असतात किंवा या तारेवर काजळी बसलेली असते, आणि दोन्हींचा इलाज घरीच होतो. मात्र पेटण्याआधी टक-टक लांबली आणि मग भक्कन मोठी ज्योत उठली, तर आत गॅस साठू लागला आहे असे समजावे आणि तपासणी होईपर्यंत गिझर वापरू नये.

याच सर्किटमध्ये २० मिनिटांनी गॅस आपोआप तोडण्याची योजना आहे. ती बंद करून द्यावी, असा आग्रह अनेकदा होतो. आम्ही ती बंद करून देत नाही.

ज्योत आणि तिची हवा

बर्नर म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या पातळ, उभ्या पट्ट्यांची एक रांग असते आणि प्रत्येक पट्टीच्या तोंडाशी एक पितळी नोझल असते. नोझलच्या सुईएवढ्या छिद्रातून गॅस वेगाने सुटतो आणि शेजारची थोडी हवा आपल्याबरोबर आत ओढतो. रॉबर्ट बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत १८५५ च्या सुमारास तयार झालेल्या बर्नरचे हेच तत्त्व आहे. उरलेली हवा ज्योतीला पट्ट्यांच्या मधल्या फटींतून, खालून मिळते. हे प्रमाण जुळले की ज्योत निळी, आखूड आणि स्थिर राहते. समोरच्या काचेच्या खिडकीतून ती अधूनमधून पाहावी. टोके पिवळी आणि लांब दिसू लागली, तर हवा कमी पडत आहे, नोझलशी धूळ किंवा कोळ्याचे जाळे आहे किंवा वरचा भाग काजळीने भरला आहे.

नोझलचे छिद्र गॅसच्या जातीनुसार ठरते. एलपीजीच्या एका घनमीटरमध्ये नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या अडीच ते तीन पट उष्णता असते, म्हणून एलपीजीचे छिद्र लहान ठेवतात. एलपीजीचा गिझर नळाच्या गॅसवर जोडल्यास पाणी नीट तापत नाही, एवढेच होते. नळाच्या गॅसचा गिझर सिलिंडरवर जोडल्यास मात्र भलत्याच प्रमाणात गॅस सुटतो, ज्योत पिवळी होऊन वर चढते आणि विषारी धूर तयार होतो. घरात सिलिंडर जाऊन पाइपलाइन आली किंवा उलट झाले, तर गिझर मिस्त्रीकडून बदलून घेतल्याखेरीज जोडू नये.

एक ग्रॅम एलपीजी पूर्ण जळण्यास सुमारे साडेपंधरा ग्रॅम हवा लागते. वर दिलेल्या १६ ग्रॅमच्या हिशेबाने हा गिझर दर मिनिटाला दोनशे लिटरांहून अधिक हवा वापरतो. आता सव्वा मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि जेमतेम अडीच मीटर उंच असे न्हाणीघर घ्या. त्यात सुमारे सहा हजार लिटर हवा असते. दार-खिडकी पूर्ण बंद करून गिझर आतच दहा मिनिटे चालवला, तर हिशेबाने त्या हवेतील प्राणवायू २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या आसपास उतरेल आणि जवळजवळ अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड त्याच जागेत मिसळेल. प्रत्यक्षात ज्योत इतका वेळ चांगली राहतच नाही. प्राणवायू थोडासा घटला तरी ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळ आणि चक्कर ही लक्षणे स्नानाच्या वाफेमुळे झाली असे वाटते, आणि दार उघडण्याचे सुचेपर्यंत हातापायांतील बळ गेलेले असते. गॅस गळतीचा जो उग्र वास आपल्याला ठाऊक आहे, तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. ते द्रव्य ज्योतीत जळून जाते, त्यामुळे या धोक्याची सूचना त्या वासाने मिळत नाही.

म्हणून आमचा गिझर आम्ही न्हाणीघराच्या आत बसवत नाही. तो बाहेरच्या भिंतीवर, उघड्या सज्जात किंवा कायम हवा खेळणाऱ्या जागेत लावावा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत न्यावी. प्राणवायू कमी झाल्यास गॅस तोडणारे साधन काही गिझरांत असते. ते चांगलेच आहे, परंतु त्याच्या भरवशावर चुकीची जागा बरोबर ठरत नाही. खिडकी उघडी ठेवू, असे ग्राहक सांगतात. थंडीच्या सकाळी ती पहिल्यांदा बंद होते, आणि गिझर सर्वाधिक वेळ चालतो तोही तेव्हाच.

उष्णता पाण्यात कशी उतरते

ज्योतीच्या वर तांब्याचा हीट एक्स्चेंजर आहे. पाण्याची नळी आधी ज्वलनपेटीच्या भिंतींना वेढे घेते, त्यामुळे पेटीचा पत्रा फार तापत नाही, आणि मग वरच्या भागात पुस्तकाच्या पानांप्रमाणे दाटीने लावलेल्या तांब्याच्या पात्यांतून आडवी फिरते. तापलेला धूर या पानांमधून वर जाताना उष्णता पाण्याला देतो.

पाती आणखी वाढवून धुरातील सगळीच उष्णता का काढून घेत नाही, असे चौकस ग्राहक विचारतात. जळलेल्या एक किलो एलपीजीतून दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. धूर सुमारे ५० अंशांपर्यंत थंड झाला तर ती वाफ तांब्यावर थेंबांच्या रूपाने जमते. हे पाणी किंचित आम्लधर्मी असते आणि पात्यांना हिरवट चट्टे पाडून त्यांना खात जाते. शिवाय पंखा नसलेल्या गिझरमध्ये धूर गरम असल्यामुळेच वर चढतो. म्हणून उष्णतेचा सुमारे सहावा हिस्सा आम्ही जाणूनबुजून धुराड्यातून जाऊ देतो.

पेटीच्या माथ्यावर धूर वळवणारी टोपी आणि त्यावर बाहेर जाणारा पाइप असतो. पाइप आधी सरळ वर न्यावा, मगच बाहेर वळवावा. वळणे शक्य तितकी कमी ठेवावी आणि टोकाला पाऊस व वारा अडवणारी टोपी बसवावी. लंडनच्या बेंजामिन मॉघन यांनी १८६८ मध्ये वाहते पाणी गॅसवर तापवणारे यंत्र बनवले, तेव्हा त्यात धूर बाहेर नेण्याची सोयच नव्हती. आजही हा पाइप शोभेसाठी कापला जातो, हे आम्हाला पटत नाही.

बटणे, क्षार आणि मागणी

समोरच्या तीन बटणांपैकी एक गॅसचे, एक पाण्याचे आणि एक ऋतूचे आहे. ऋतूचे बटण उन्हाळ्यात बर्नरच्या काही पट्ट्या बंद ठेवते. पाण्याचा प्रवाह कमी केला की पाणी अधिक गरम येते. म्हणून कडक पाणी काढून त्यात थंड मिसळण्यापेक्षा ऋतूचे व गॅसचे बटण आधी कमी करावे. जड पाण्यातील क्षार ६० अंशांच्या पुढे झपाट्याने नळीत बसतात आणि त्या थराखाली तांबे जळते. गरम पाण्याची धार वर्षभरात बारीक झाली, किंवा चालू असताना आत खळखळ होऊ लागली, तर नळी सौम्य आम्लाने धुऊन घेण्याची वेळ झाली आहे. पाणी येण्याच्या तोंडाशी असलेली जाळी मात्र आपणच महिन्यातून एकदा, गॅस आणि पाणी दोन्ही बंद करून, काढून धुवावी. रबरी पडदा काही वर्षांनी ताठ होतो, तो वार्षिक तपासणीत पाहिला जातो.

मागणी नोंदवताना गॅस सिलिंडरचा आहे की पाइपलाइनचा, टाकीतील पाणी गिझरच्या जागेपासून किती उंचीवर आहे, पाणी बोअरचे आहे का, आणि गिझर ज्या भिंतीवर लावायचा तिच्या दोन्ही बाजूंना काय आहे, हे कळवावे. भिंतीचा फोटो पाठवल्यास धुराच्या पाइपची लांबी आम्हाला आधीच कापून आणता येते.