सेल कल्चर लॅब वापरायची? आधी संमतीपत्र बघू

डाऊन सिंड्रोम, रेट सिंड्रोम, फ्रॅजाइल एक्स अशा बौद्धिक वाढीवर परिणाम करणाऱ्या जनुकीय विकारांवर पेशींच्या पातळीवर काम करायचं, म्हणजे सेल कल्चर (शरीराबाहेर पेशी वाढवणं) करायचं, तर प्रत्येक विभागाला स्वतःची लॅब परवडत नाही. म्हणून इन्क्युबेटर (37 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड), बायोसेफ्टी कॅबिनेट आणि द्रव नायट्रोजनचा डबा सामायिक. बडोद्यातल्या आमच्या लॅबचंही तसंच.

अर्ज पीएच.डी. किंवा एम.एस्सी.चा विद्यार्थी करू शकतो, सही मात्र गाईडची लागते. जोडायचं काय, तर प्रकल्पाचं टिपण आणि रुग्णाचा नमुना असेल तर एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र. जनुकात बदल करणार असाल, तर संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीचीही मंजुरी हवी. त्वचेच्या पेशींपासून आयपीएस पेशी (ज्यांपासून शरीरातल्या जवळपास कोणत्याही पेशी घडवता येतात अशा स्टेम सेल) बनवायच्या असतील, तर स्टेम सेल संशोधनाच्या 2017च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्टेम सेल कमिटीकडे वेगळं जावं लागतं. पुण्याच्या एनसीसीएसकडून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) तयार सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढत राहणाऱ्या एकाच प्रकारच्या पेशी, आणली असेल, तर तिचे कागद पुरतात.

अडतं ते संमतीपत्रावर. पालकांची सही आली की झालं, असं समजू नका. 7 ते 12 वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि त्यापुढे 18 पर्यंत लेखी होकार, असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. बौद्धिक दिव्यांग मूल असलं, तरी त्याला जेवढं समजतं तेवढं त्याला सांगायचंच. आणि भाषा! दांडिया बाजारातल्या एका आईला आम्ही मराठी फॉर्म दिला. तिने दोन पानं उलटली आणि म्हणाली, "घरी आम्ही मराठीच बोलतो हो, पण शिकले गुजरातीत. हा सासूबाईंना द्या, मला गुजराती आणा." तेव्हापासून दोन्ही प्रती ठेवतो, दोन्ही एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्या.

मंजुरी मिळाली तरी नवी पेशी थेट मुख्य इन्क्युबेटरमध्ये जात नाही. मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा पीसीआर रिपोर्ट येईपर्यंत ती वेगळी राहते. या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून पेनिसिलिन चालत नाही. मीडियमही (पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रव) गढूळ होत नाही, त्यामुळे नुसत्या नजरेला कळत नाही. एकाच्या फ्लास्कमधून तो सगळ्यांकडे पोचतो. या बाबतीत गाईडच्या ओळखीचा उपयोग नाही.

फ्लास्कवर सेल लाइनचं नाव, पॅसेज नंबर (पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या तो आकडा), तारीख आणि तुमची आद्याक्षरं लिहा. रुग्णाचं नाव कधीच नाही, फक्त कोड.

आणि अर्जात एक रकाना आहे, 'गैरहजेरीत जबाबदार व्यक्ती'. तो सगळे रिकामा सोडतात. नवरात्रात तुम्ही गरब्याला गेलात तरी मीडियम बदलावंच लागतं. ते कोण बदलणार, त्याचं नाव तिथे लिहा.