झाड तोडण्याची किंवा छाटण्याची परवानगी: खान्देशातल्या शहरांत अर्ज कसा करावा

अंगणातले झाड स्वतः लावलेले असले, पंधरा उन्हाळे पाणी घालून जगवलेले असले, तरी शहराच्या हद्दीत ते परवानगीशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा कायदा जळगाव आणि धुळे महापालिकांना लागू आहे. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, नंदुरबार, शिरपूर अशा नगरपरिषदांच्या हद्दीतही तोच चालतो. या कायद्यात ‘तोडणे’ म्हणजे फक्त बुंध्यावर करवत चालवणे नव्हे. झाड जाळणे किंवा कोणत्याही रीतीने त्याला इजा करणे त्यातच मोडते. बुंध्याची साल गोल काढणे, मुळाशी ॲसिड ओतणे, ओला पालापाचोळा बुडाशी पेटवून झाड हळूहळू वाळवणे हे सगळे गुन्हे आहेत आणि शिक्षेत दंडाबरोबर कैदही आहे.

अर्ज लिहायच्या आधी झाड कोणाच्या जागेत उभे आहे ते नक्की करा. सर्वात जास्त वेळ इथेच वाया जातो. बुंधा कुंपणाच्या आत असेल तर जागेचा मालक अर्जदार. भाडेकरूला मालकाचे लेखी संमतीपत्र जोडावे लागते. सामाईक उताऱ्यावर चार भावांची नावे असतील तर चौघांच्या सह्या घ्या. तीन सह्यांवर अर्ज दिला आणि चौथ्याने हरकत घेतली, की प्रकरण मागे पडते. बुंधा कुंपणाबाहेर, गटारीच्या कडेला किंवा कॉलनीच्या खुल्या जागेत असेल तर ते झाड पालिकेचे. तिथे तुम्ही परवानगी मागत नाही, पालिकेला काम करण्याची विनंती करता. अर्जाचा विषयही तसाच लिहा. सुरत–नागपूर महामार्गाच्या (जुना क्रमांक ६, आताचा ५३) हद्दीतले झाड असेल तर आधी महामार्गाच्या कार्यालयाला आणि राज्य रस्त्यावरचे असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाला लिहा, प्रत पालिकेला द्या. शेजाऱ्याच्या झाडासाठी त्याच्या वतीने अर्ज करता येत नाही. धोका वाटत असेल तर पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे पाहणीची लेखी तक्रार करता येते. शेत पालिकेच्या हद्दीबाहेर असेल तर १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा पाहावा लागतो. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, अंजन, चंदन अशी त्याच्या यादीतली झाडे असतील तर वाट वन विभागाची.

दुसरा प्रश्न: खरेच तोडायचे आहे का? बहुतेक तक्रारी फांद्यांच्या असतात. छतावर टेकलेली फांदी, सौर पॅनेलवर सावली, तारेला घासणारा शेंडा, पाण्याच्या टाकीत पडणारा पाला. हे सगळे छाटणीने सुटते आणि छाटणीची परवानगी तुलनेने सोपी असते. वैशाखात जळगाव–भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दारातल्या निंबाची सावली किती मोलाची असते ते या भागात कोणाला सांगावे लागत नाही. म्हणून अर्जात ‘झाड तोडून मिळावे’ हे ठोकळेबाज वाक्य लिहू नका. नेमकी अडचण लिहा: ‘पश्चिमेकडची, सुमारे ८ इंच जाडीची फांदी स्लॅबपासून २ फुटांवर आहे, तिच्या जोडावर पोकळी आहे.’ अशा अर्जावर पाहणी करणाऱ्याला एका फेरीत निर्णय देता येतो.

कागदपत्रे फार नसतात, पण अपुरी असली की अर्ज परत येतो. वृक्ष अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज (महापालिकेत बहुधा उद्यान किंवा वृक्ष विभागात नमुना मिळतो, नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या मार्फत), सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका किंवा सातबारा, चालू वर्षाच्या घरपट्टीची पावती आणि ओळखपत्राची प्रत. सोसायटी असेल तर सभेच्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत. बांधकामासाठी झाड हटवायचे असेल तर मंजूर नकाशा लागतो, आणि त्यात प्रत्येक झाडाची जागा दाखवलेली असावी. नकाशात झाड नाही आणि जागेवर आहे, हा घोळ नेहमी होतो आणि मग बांधकाम परवानगीचीच फेरतपासणी सुरू होते.

फोटो निदान चार काढा: पूर्ण झाड, बुंधा, अडचणीची जागा, आणि झाड व घर एकत्र दिसेल असा रस्त्यावरून. घेर टेपने मोजा, जमिनीपासून १.३७ मीटर म्हणजे साधारण साडेचार फुटांवर, आणि सेंटिमीटरमध्ये लिहा. घेरावरूनच वयाचा अंदाज बांधतात आणि वयावर पुढचे बरेच अवलंबून आहे. १९७५ च्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा जास्त वयाचे झाड ‘वारसा वृक्ष’ धरले जाते. जुना वड, पिंपळ किंवा चिंच असेल तर हाताशी जास्त वेळ ठेवा आणि पुनर्रोपण किंवा टेकू देण्याचा पर्यायही विचारात घ्या.

अर्ज आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्या. नुसता टेबलावर ठेवलेला अर्ज कायद्याच्या दृष्टीने दिलेलाच नसतो. त्यानंतर पाहणी होते. त्या दिवशी घरी थांबा आणि पोकळी, वाळवी, भिंतीला गेलेली भेग स्वतः दाखवा. तोडीचा प्रस्ताव असेल तर झाडावर नोटीस लागते आणि वृत्तपत्रात जाहीर सूचना येते. नोटीस काढू नका, तिचा तारखेसह फोटो ठेवा. हरकती येऊ शकतात, आणि तो नागरिकांचा हक्क आहे. महापालिकेत निर्णय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील वृक्ष प्राधिकरणाच्या बैठकीत होत असेल तर तारखेची वाट पाहावी लागते. मृगाच्या आधीच्या वादळापूर्वी काम व्हावे असे वाटत असेल तर अर्ज संक्रांतीच्या सुमारास द्या. मे महिन्यात धावपळ केली तर पाऊस गाठतोच. दोन महिन्यांत काहीच कळले नाही तर आवक क्रमांक लिहून स्मरणपत्र द्या. तरीही उत्तर नसेल तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्कासह फाइलची स्थिती विचारा, त्याचे उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

झाड आजच झुकले असेल, मुळे उघडी पडली असतील, तर या क्रमाची वाट पाहू नका. अग्निशमन दलाला १०१ वर कळवा, तारांना स्पर्श असेल तर महावितरणला १९१२ वर. तारांजवळची फांदी घरच्या माणसाने किंवा रोजंदारीवरच्या मजुराने तोडू नये. ओले लाकूड वीज वाहून नेते. वीज बंद केल्याची खात्री फक्त महावितरणचा कर्मचारीच देऊ शकतो. काम झाले की फोटो काढून त्याच दिवशी पालिकेला लेखी कळवा.

परवानगीचे पत्र हातात आले की अटी शेवटपर्यंत वाचा: किती झाडे, कोणत्या फांद्या, कोणत्या तारखेपर्यंत, किती अनामत. तोडीआधी काही दिवस थांबण्याची अट असू शकते. पत्रात एक झाड आणि प्रत्यक्षात दोन पडली, तर दुसरे विनापरवाना धरले जाते. छाटणी शक्यतो थंडीत उरका. एप्रिल–मेमध्ये छत्र मोकळे केले की कोवळी साल उन्हाने भाजते आणि तिथून कीड शिरते. एका वेळी छत्राच्या पाव भागापेक्षा जास्त काढू नका. जाड फांदीला आधी खालून थोडा छेद, मग थोडे पुढे वरून, आणि उरलेला खुंट शेवटी जोडाच्या फुगीर कड्याबाहेर कापायचा. एकाच घावात तोडली तर फांदी पडताना बुंध्याची साल सोलून नेते. झाडावर बगळ्यांची घरटी असतील तर पिले उडेपर्यंत थांबा, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घरटी आणि अंडी नष्ट करणे शिकारीत मोडते. लाकूड गाडीत भरण्याआधी परवानगीची प्रत चालकाकडे द्या. साग असेल तर वन विभागाचा वाहतूक परवाना वेगळा काढावा लागतो.

बदल्यात झाडे लावणे ही अटच आहे. २०२१ नंतर संख्या तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी धरतात, म्हणजे २० वर्षांच्या झाडाला २० रोपे. एवढी जागा घरात नसते, तेव्हा पालिकेने दिलेल्या जागेवर लावून जिओ-टॅग (जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले) फोटो द्यावे लागतात. निंब, करंज, बहावा, पिंपळ ही आपल्या उन्हाला टिकणारी. गुलमोहराची मुळे वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते, त्यामुळे भिंतीजवळ तो नको. मुरमाड जमिनीत २ फूट खोल-रुंद खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्या, अर्धी माती बदला, आणि रोप पहिल्या चांगल्या पावसानंतर लावा. बुंध्याभोवती १ मीटर जागा फरशी आणि काँक्रीटपासून मोकळी ठेवा. फेब्रुवारी ते जून आठवड्यातून दोनदा पाणी लागते, ठिबकची नळी ओढली तर काम हलके होते. दर पावसाळ्यानंतर त्याच कोनातून एक फोटो काढून तारखेसह जपा. अनामत परत मागताना तोच पुरावा चालतो, आणि रोप मेले असेल तर त्याच हंगामात त्याच्या जागी दुसरे लावून पालिकेला कळवा.