दुसऱ्या भागाच्या संगीतात नवं किती धरायचं?

सुट्टीच्या मोसमात सोलापुरात ॲनिमेशनचा एखादा विनोदी ‘पार्ट टू’ लागला की त्यावर थोडंफार लिहून येतं. कथा बरी आहे का, हिंदी आवाज कोणी दिले, बच्चेकंपनी हसली का. वाद्यवृंदाच्या वाट्याला ‘पार्श्वसंगीत साजेसं’ एवढे दोन शब्द येतात आणि पहिल्या भागातली धून पुन्हा ऐकू आली असेल, तर ‘संगीतात नावीन्य नाही’ अशी पुस्ती. या पुस्तीमागे इतिहास आहे आणि तो बराचसा गेल्या तीस-पस्तीस वर्षांतला आहे.

त्याआधीचं थोडक्यात. १९२८ मध्ये बोलक्या मिकीने चित्र आणि वाद्यं एका ठेक्यात बांधली. पुढे कार्टूनपटांत अनेकदा चित्रं काढण्याआधीच लय ठरू लागली. कोणत्या मात्रेला पाय पडणार, कोणत्या मात्रेला पातेलं आदळणार, हे तक्त्यावर मांडलं जायचं. १९३८ मध्ये एका पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाचं संगीत तबकड्यांवर विकायला आलं आणि ते पडद्यापासून वेगळं काढून ऐकता येऊ लागलं. पावलागणिक वाजणाऱ्या या शैलीला नंतर पोरकट म्हणून नाकं मुरडली गेली. मांजर-उंदराच्या बिनसंवादी पाठलागांत ऑर्केस्ट्राने जेवढं राबून घेतलंय, तेवढं कित्येक गंभीर चित्रपटांत होत नाही, हे माझं मत. १९९५ मध्ये केबलवर कार्टूनचं स्वतंत्र चॅनेल आलं आणि आमच्या पिढीने पाश्चात्त्य वाद्यवृंद पहिल्यांदा नीट ऐकला तो तिथेच, नकळत.

दुसऱ्या भागांचा प्रश्न नव्वदच्या दशकात उभा राहिला. मिकीच्याच स्टुडिओने १९९० मध्ये आपल्या एका जुन्या चित्रपटाचा पुढचा भाग थिएटरसाठी काढला. त्यात पात्रांच्या तोंडी गाणी नव्हती, सगळा भार वाद्यवृंदावर होता. तो फारसा चालला नाही. १९९४ पासून असे पुढचे भाग थेट व्हिडिओ कॅसेटवर येऊ लागले आणि ‘दुसरा भाग म्हणजे स्वस्तातला माल’ ही समजूत घट्ट झाली.

त्याच काळात ऑस्करमध्ये वेगळीच कुरकुर चालू होती. १९८९ ते १९९४ या वर्षांत ॲनिमेशनपटांनी संगीताचं पारितोषिक चारदा नेलं. मग १९९५च्या चित्रपटांपासून पार्श्वसंगीताचे दोन गट केले गेले: नाट्यमय एकीकडे, संगीतिका आणि विनोदी दुसरीकडे. पहिल्याच वर्षी दुसऱ्या गटाचं पारितोषिक पुन्हा ॲनिमेशनपटालाच मिळालं! चार वर्षांनी गट पुन्हा एक झाले. पण विनोदी चित्रपटाचं संगीत म्हणजे हलकं काम, ही खूण मागे राहिली ती राहिलीच.

खरा गुंता मात्र २०२०चा. त्या वर्षी ऑस्करच्या नियमात दोन आकडे आले. स्पर्धेतल्या पार्श्वसंगीतात किमान ६० टक्के मूळ रचना हवी, आणि चित्रपट एखाद्या मालिकेतला किंवा पुढचा भाग असेल तर किमान ८० टक्के संगीत नवं हवं. वर्षभरात पहिला आकडा ३५वर आणला गेला. दुसरा आहे तिथेच राहिला.

नियमाचा हेतू समजण्यासारखा आहे. पहिल्या भागासाठी ध्वनिमुद्रित केलेले तुकडे कापून दुसऱ्यात जसेच्या तसे चिकटवायचे आणि वर नवी मेहनत म्हणून मिरवायचं, हे थांबायला हवंच. पण जुनं ध्वनिमुद्रण वापरणं वेगळं आणि जुनी धून नव्याने बांधणं वेगळं. पहिल्या भागात नायकाची धून ट्रम्पेटवर होती. दुसऱ्यात तो बाप झालाय, म्हणून तीच धून संथ तीन मात्रांत, ओबोवर, निम्मीच येते आणि अर्धवट सुटते. ही टक्केवारीत कुठे मोडायची? चित्रपटाबरोबर जाणाऱ्या क्यू शीटवर तुकड्याचं नाव, रचनाकार, मिनिटं आणि सेकंद असतात. त्या तुकड्याच्या पोटात चार जुने सूर किती बदलून आले, हे ती सांगू शकत नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात यमनची ऐकून पाठ झालेली बंदिश पुन्हा मांडली, तर ‘ऐंशी टक्के जुनं’ म्हणून कोणी उठून जात नाही, बढत ऐकायला थांबतात.

विनोदी चित्रपटात तर जुन्या धुनेशिवाय भागतच नाही. नायक रुबाबात दारातून येतो, मागे त्याची ओळखीची धून पितळी वाद्यांवर चढत जाते, शेवटच्या सुराआधी त्याचा पाय घसरतो आणि वाद्यवृंद तिथेच थबकतो. तो सुटलेला सूर कोणता, हे प्रेक्षकाच्या कानाला आधीपासून ठाऊक असेल तरच हसू फुटतं. नवीच धून असती तर ती तुटली हे कळलंच नसतं. नियम करणाऱ्यांनी गंभीर महागाथा डोळ्यांपुढे ठेवल्या असाव्यात. विनोदाचा विचार केलेला दिसत नाही.

या नियमाआधी पुढच्या भागांना फार मान होता, असंही नाही. ‘हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन’ या ॲनिमेशन मालिकेच्या तिन्ही भागांना एकच संगीतकार. २०१०च्या पहिल्या भागाला नामांकन मिळालं, २०१४ आणि २०१९च्या भागांना नाही. दुसऱ्या भागात पहिल्याच्या धुना जितक्या बारकाईने उलगडल्यात, तितकी बारकाई नामांकनांच्या यादीत क्वचित सापडते. आता या जुन्या अनिच्छेला टक्केवारीचा आधार मिळाला आणि समीक्षकांनीही तो उचलला. क्यू शीट कधी पाहिलेली नाही, तरी ‘सत्तर टक्के जुनंच’ असं बेधडक लिहिलं जातं. तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत काही संगीतकार खरोखरच जुनं संगीत रेटून नेतात, हेही खरं.

गाण्यांनी घोटाळा आणखी वाढवला. ‘श्रेक’ या हिरव्या राक्षसाच्या २००१च्या विनोदीपटाची गाणी एका अल्बमवर आणि वाद्यवृंद दुसऱ्यावर निघाला, २००४च्या दुसऱ्या भागाचंही तसंच. बहुतेकांनी गाण्यांचा अल्बम ऐकून ‘संगीत’ या सदरात मत दिलं.

सोलापुरात हे सगळं डबिंगमधून पोचतं. पूर्व भागातलं तेलुगू बोलणारं घर असो, कन्नड असो की मराठी, ॲनिमेशनपट पाहायचा तो बहुधा हिंदीत. डबिंगसाठी संवाद वगळून संगीत आणि आवाजांचा स्वतंत्र ट्रॅक पाठवला जातो आणि त्यावर नवे संवाद चढवले जातात. पात्रांच्या तोंडची गाणीही पुष्कळदा हिंदीत पुन्हा गाऊन घेतात. विनोदाच्या ओळी तर इथल्या चवीप्रमाणे पार बदलतात. वाद्यवृंद मात्र मूळ ध्वनिमुद्रणातला, तोच. म्हणजे इथल्या समीक्षकाला मूळ इंग्रजी प्रत न पाहताही ज्याबद्दल खात्रीने लिहिता येईल, अशी गोष्ट तीच, आणि तिलाच दोन शब्द मिळतात. सिंगल स्क्रीनच्या जुन्या स्पीकरांवर हिंदी संवाद एवढे पुढे येतात की खालच्या पट्टीतली चेलोची ओळ तिसऱ्या रांगेपर्यंतही येत नाही. दुसऱ्या भागात जुनी धून बहुतेकदा तिथेच दडवलेली असते.